‘भंइसा बराती’ची फिरंतीन

कुसुम गेल्याचं मला फोनवरच्या संदेशातून कळलं. तिच्या मुलानं, मनोजनं, तो सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथून कुणीतरी माझ्याकडे पाठवला. वर पांढऱ्या फुलांचं चित्र, खाली हिंदीत मजकूर: आमच्या पूज्य माताजी, शांत, धर्मपरायण आणि मितभाषी... चहा गार होईपर्यंत मी ती विशेषणं वाचत बसले. अर्ध्याहून जास्त आयुष्य मी या बाईला ओळखत होते. देवळात हात जोडताना ती एक डोळा किलकिला ठेवून पुजाऱ्याकडे बघायची, आणि बाहेर चपला शोधता शोधता त्याची अशी नक्कल करायची की मला पायरीवर बसावं लागे. मला त्या सकाळी रडू यायला हवं होतं. राग आला. काही आठवडे झाले तरी तो उतरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख रायपूरच्या मराठी मंडळातली, गणपतीच्या नाटकाच्या तालमीतली. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे, ती वर्ध्याकडून लग्न होऊन आलेली. नवरा रेल्वेत, क्वार्टर रुळांच्या पलीकडे. मंडळात तेव्हा एक न बोललेली वाटणी होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेल्या घरांतल्या मुली नायिका व्हायच्या, कारण त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी. विदर्भातून नोकरीपायी आलेल्यांच्या तोंडात ‘मले-तुले’, म्हणून त्यांच्या वाट्याला मोलकरणी. कुसुम दरवर्षी मोलकरीण व्हायची. तिला त्याचं वाईट वाटायचं की नाही, कोण जाणे, पण एका वर्षी तिच्या पायाखालची स्टेजची फळी सरकली आणि हातातल्या ट्रेसकट ती धाडकन पडली. सगळे जागच्या जागी गोठले. कुसुम बसल्या बसल्या सावकाश वळली आणि त्या फळीकडे बघू लागली. रागानं नव्हे, चूक तुझी आहे, कबूल कर, मी थांबते, अशा नजरेनं. आधी चिडीचूप, आणि मग मांडव फुटेल असं हसू. नायिकेला पुढचं वाक्य बोलता येईना.

त्या मांडवात हेमलाल नावाचा एक तरुण होता. छत्तीसगढी माणूस, माइक आणि दिवे लावायला आलेला. राज्य नवीन झालं होतं, छत्तीसगढी सिनेमे निघू लागले होते आणि ज्याच्या डोक्यात एखादी गोष्ट होती तो प्रत्येक जण दिग्दर्शक व्हायला निघाला होता. हेमलालच्या डोक्यात एक रेडा होता. दुसऱ्या दिवशी तो स्कूटरवरून कुसुमच्या क्वार्टरवर गेला आणि तिच्या नवऱ्यासमोर हात जोडून म्हणाला की दीदीशिवाय माझी फिल्म होणार नाही. आम्ही ज्यांना भाऊजी म्हणायचो ते हे कुसुमचे यजमान सरळ, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गोष्ट विचारली. मुलीचं लग्न आहे आणि तिची आई ते पार पाडते, एवढंच हेमलालनं सांगितलं. कौटुंबिक चित्रपट आहे म्हटल्यावर भाऊजी हो म्हणाले.

चित्रपटाचं नाव ‘भंइसा बराती’, म्हणजे रेडा वऱ्हाडी. वाचकांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल, म्हणून सांगते. फिरंतीन नावाच्या बाईच्या मुलीचं लग्न. वऱ्हाड दारात आलेलं आणि पाळलेला रेडा मांडवात घुसून नवरदेवाचा मौर, ते शिंदीच्या पानांचं बाशिंग, चघळून टाकतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे व्याह्यांना पत्ता लागू न देता फिरंतीन त्या रेड्याच्या मागे गावभर पळते. ती बैलगाडीतून पडते, कढीच्या पातेल्यात बसते, डबऱ्याच्या चिखलात गळ्यापर्यंत रुतते आणि शेवटी मांडवाच्या छतातून थेट होमाशेजारी येते. प्रत्येक वेळी, पडून झाल्यावर, ती जमिनीकडे तसं बघते. एवढंच आहे त्यात. कॅमेऱ्याची सावली दिसते, एका प्रसंगात रेडा काळा आणि पुढच्यात करडा होतो, वऱ्हाडातली माणसं मुलीकडच्या पंगतीतही जेवताना दिसतात. आणि तरी कुसुम पडायला लागली की दुसरीकडे बघता येत नाही.

आरंगच्या पुढं एका गावात शूटिंग चाललं होतं. शाळेला सुट्टी होती तेव्हा मी एक दिवस तिच्यासोबत गेले. ऊन मी म्हणत होतं. डबऱ्याच्या काठावरून तिला घसरायचं होतं आणि हेमलाल म्हणत होता की दीदी, गादी टाकतो. ती नको म्हणाली. गादी असली की अंगाला कळतं, आणि अंगाला कळलं की बघणाऱ्यालाही कळतं. ती चार वेळा घसरली. मी काठावर जीव मुठीत धरून उभी. नंतर केसांतला चिखल काढता काढता तिनं मला समजावलं.

“पडाचं असन तं आंग सोडून द्याचं. धरून ठेवलं का लागते.”

इतकी खूश मी तिला त्याआधी आणि त्यानंतरही पाहिली नाही. कोपरं सोललेली, साडीचा रंग ओळखू येत नव्हता आणि ती गावातल्या बायकांच्या घोळक्यात बसून त्यांच्या छत्तीसगढीत त्यांच्याच सासवांच्या नकला करत होती.

सिनेमा रायपुरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये लागला. कुसुम आणि मी रविवारी जायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी भाऊजी ऑफिसातल्या लोकांना घेऊन गेले, अभिमानानंच गेले. मध्यंतरापूर्वी फिरंतीन चिखलात पडते तिथं तिची साडी पोटरीपर्यंत वर गेली आहे. पुढच्या रांगेतला कुणीतरी मोठ्यानं म्हणाला, “इसका आदमी कौन होगा रे?” हॉल हसला. भाऊजींच्या शेजारी बसलेले त्यांचे सहकारीही हसले. भाऊजी उठून घरी आले. कुसुम भाजी चिरत होती. त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले आणि म्हणाले, “तुले इतकं पडता येते हे मले माहीत नव्हतं.” आणि मग, “झालं आता. पुन्हा नाही.”

आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. कुसुमनं मला हे सांगितलं तेव्हा ती त्यांची बाजू घेत होती. त्या माणसाला चारचौघांत ऐकावं लागलं, त्यांचं काय चुकलं, असं म्हणत होती. रविवारी मी एकटीच गेले. हॉल अर्धा रिकामा होता, जे होते ते पोट धरून हसत होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले तर भाऊजी समोरच पेपर वाचत बसलेले. कुसुमनं चहा दिला, शाळेची चौकशी केली. सिनेमाबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. आठवड्यात तो उतरला आणि हेमलाल लग्नांचे व्हिडिओ काढू लागला.

मनोज तेव्हा नुकता कॉलेजात गेला होता, आणि त्याच्याबद्दल न्यायानं लिहायचं तर हेही लिहायला हवं. पोरं त्याला ‘भंइसा’ म्हणून हाक मारायची, वर्गात मागच्या बाकावरून रेडा रेकायचा. काही दिवस तो कॉलेजला गेलाच नाही. त्या वयात आईचं असं नाव निघणं सोपं नसतं. पण वय पुढं सरकतं. मनोज मोठा झाला, त्यानं तेलीबांध्याला तळ्याजवळ फ्लॅट घेतला, भाऊजी वारल्यावर आईला तिथं आणलं, तिच्या औषधपाण्यात काही कमी केलं नाही. फक्त ती एक गोष्ट त्यानं घरातून पुसून टाकली. सुनेलाही लग्नानंतर कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मंडळात कुसुम पुन्हा स्टेजवर चढली नाही. गणपतीत ती प्रसादाच्या खोलीत शिरा ढवळायची. बाहेर एखादी नवी मुलगी मोलकरीण होऊन बेंगरूळ पडली की आतून तिचा आवाज यायचा, “हातानं आधी टेकली, गेलं.”

ज्या सिनेमाला आम्ही मेलेला समजत होतो तो मात्र मेला नव्हता. त्याची सीडी निघाली होती आणि भनपुरीच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांसाठी ती वर्षानुवर्षं लागत राहिली. तिथून गावांत गेली, लग्नाच्या मांडवांत, बाळांच्या छठीच्या कार्यक्रमांत. मग कुणीतरी इंटरनेटवर टाकली. मुलं तिचे तुकडे करून एकमेकांना पाठवू लागली. परीक्षेत नापास झालं की फिरंतीन चिखलात, नोकरी गेली की फिरंतीन कढीत. एकदा माझ्या घरी मी कुसुमला ते फोनवर दाखवलं. तिनं चष्मा लावून थोडं पाहिलं आणि फोन परत दिला.

“लोकं नाहीत तं काय पाहाचं? हसून कोन राहिलं, कसं कळन?”

दुर्गेश्वरी माझ्याकडे आली ती मंडळातल्या एका जुन्या फोटोचा माग काढत. रायपूरच्याच गुढियारी वस्तीतली मुलगी, वडील मालधक्क्यावर हमाल, स्वतः कॉलेजात शिकवते. ती आणि तिच्यासारखे काही जण ‘भंइसा बराती’चे भक्तच. वाक्यं पाठ, रेडा कुठं बदलतो तेही पाठ. मी तिला विचारलं की एवढं काय आहे त्यात. ती हिंदीत म्हणाली की आंटी, आमच्या घरी दर दिवाळीला सगळे एकत्र बसून हीच सीडी बघायचे. माझी आजी आयुष्यात इतर कशाला हसलेली मला आठवत नाही. दुसऱ्या सिनेमातली आई पडली की रडते, कुणीतरी येऊन तिला उचलतं. ही स्वतः उठते आणि जमिनीला जाब विचारते. मला वाटलं, हे कुसुमनं ऐकायला हवं. एका रविवारी मी दुर्गेश्वरीला घेऊन तेलीबांध्याला गेले.

मनोजनं बसायला सांगितलं, पाणी दिलं. दुर्गेश्वरी भारावून बोलत होती. आम्ही पुढच्या रविवारी दुपारी एक हॉल घेऊन फिल्म दाखवणार आहोत, अम्मांना बोलवायला आले आहे. मनोजनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “आपको गलतफहमी हुई है. मेरी माँ ने कभी किसी फिल्म में काम नहीं किया.”

कुसुम समोरच्या सोफ्यावर शाल घेऊन बसली होती. आई समोर बसलेली असताना तो हे बोलला. मी तिच्याकडे बघत होते, दुर्गेश्वरीही बघत होती. कुसुमनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, “नइ बेटी, वो मैं नोहंव.”

ती मी नव्हे, एवढाच अर्थ. पण शब्द छत्तीसगढी, आणि आवाज फिरंतीनचा. तोच हेल, शेवटचं अक्षर नाकातून सोडण्याची तीच लकब. मनोजला वाटलं, आई आपल्या बाजूनं बोलली. दुर्गेश्वरी उठली, वाकून तिच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडली. लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून हसत राहिली, मग रडू लागली. मला दोन्ही जमलं नाही. मला परत वर जाऊन मनोजला दोन शब्द सुनवायचे होते. पण त्याच घरात कुसुमला राहायचं होतं.

काही दिवसांनी तिचाच फोन आला, दबक्या आवाजात. “मले येवाचं हाये.” रविवारी मी घ्यायला गेले तेव्हा ती तयार होऊन बसली होती. निळी साडी, केसांना तेल, मांडीवर पर्स. मनोज आतून आला. डॉक्टरांनी दगदग नको सांगितलं आहे, म्हणाला. तिचं हृदय कमकुवत झालं होतं, ते खरंच. मी म्हटलं, गाडीनं नेते, गाडीनं आणते, हॉलमध्ये खुर्ची आहे. तो म्हणाला, “मावशी, आप जाइए. आई नहीं जाएगी.” आणि मग, दाराकडे बघत, “बीस साल लगे हैं लोगों को भूलने में.”

कुसुमनं पर्स बाजूला ठेवली. माझ्यापाशी येऊन माझा पदर सारखा केल्यासारखं करत म्हणाली, “तू जाय. नीट पाह्यजो, कुठं कुठं हसतात ते.”

म्हणून मी गेले. हॉल खचाखच भरला होता. बरीचशी तरुण मुलं, पण गुढियारीच्या बायकाही होत्या, काही जण आईवडिलांना घेऊन आलेले. हेमलाल आला होता, केस पांढरे, कोपऱ्यात उभा. पडद्यावर फिरंतीन बोलायच्या आधी हॉल तिचं वाक्य बोलत होता. रेड्याचा रंग बदलला तेव्हा टाळ्या पडल्या. मी पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त पाहिलं. मला तेच काम दिलं होतं. पण खरं सांगते, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीमुळे मला एकदाही हसता आलं नाही. एवढ्या लोकांना जिनं हसवलं ती दोन-तीन किलोमीटरवर, निळी साडी नेसून, टीव्हीसमोर बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनोज कामावर गेल्यावर मी तिच्याकडे गेले. तिनं दार लावलं, मला पलंगावर बसवलं आणि एकेक पडणं घेऊन विचारू लागली. बैलगाडीत हसले का? कढीत? मी सांगत गेले. मग चिखलाचं आलं.

“पडल्याबरोबर हसले का थांबून?”

मी आठवून बघितलं. “थांबून. तू वळून खाली बघतेस ना, तेव्हा.”

“सगळे?”

“सगळे. बायका जास्त.”

तिनं हळूच मान हलवली. “मंग बराबर पडली मी,” असं म्हणाली. पडल्याबरोबर जे हसू येतं ते पडणाऱ्यावर असतं, हे तिनं मला खूप वर्षांपूर्वी सांगितलं होतं. थांबून येतं ते तिचं स्वतःचं, कमावलेलं. भाऊजींनी त्या दिवशी फक्त पहिलं हसू ऐकलं आणि ते उठून आले. ते क्षणभर आणखी बसले असते तर... पण ते बसले नाहीत, आणि तिला हे एवढं कळायला म्हातारपण यावं लागलं, तेही माझ्या तोंडून, दार लावून. यात समाधान मानावं असं मला कुणी सांगू नये.

पावसाळ्यानंतर ती खालावत गेली आणि गेली. मग गंमत सुरू झाली. दुर्गेश्वरीच्या मित्रांनी चिखलातला फोटो टाकून श्रद्धांजली लिहिली, ती हजारोंनी पुढं पाठवली, एका हिंदी वर्तमानपत्रानं चौकट छापली. मनोजच्या व्यवसायातले मोठे लोक त्याला फोन करू लागले की अरे, फिरंतीन तुझी आई, सांगितलं नाहीस कधी. चार दिवसांत मंडळाच्या हॉलमध्ये श्रद्धांजली सभा ठरली. मनोजनं मराठीत लिहून आणलेलं वाचून दाखवलं, “आमच्या घरानं आईच्या कलेला सदैव प्रोत्साहन दिलं.” मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहायचं टाळलं.

मग चित्रपटातला एक अंश दाखवण्यात आला. फिरंतीन दारात उभी राहून नवरदेवाला ओवाळते तो. काठापदराची साडी, डोक्यावरून पदर, हातात ताट. सिनेमाभर ती तेवढीच काही क्षण नीट उभी आहे. तिच्या मागून आता रेडा येणार, हे मागच्या रांगांतल्या मुलांना माहीत होतं. त्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. तिथंच पडदा काळा झाला. मनोजनं तो बरोबर तिथं कापून घेतला होता.

जवळची मैत्रीण म्हणून मला बोलायला उठवलं. मी बरंच काही ठरवून गेले होते. उभी राहिले तर एवढंच बाहेर आलं, “कुसुम फार सुंदर पडायची. आपल्यापैकी कुणाला तसं पडता येत नाही.”

कुणीतरी खाकरलं. मंडळाचे अध्यक्ष, जुन्या घराण्यातले, शुद्ध मराठीसाठी ओळखले जाणारे वयोवृद्ध गृहस्थ, माझी अडचण झाली असं समजून मदतीला धावले. माइक हातात घेऊन म्हणाले, “बाईंना म्हणायचं आहे, कुसुमताई नेहमी पडतं घ्यायच्या. संसारात बाईनं पडतं घ्यावं लागतं, ते त्यांनी आयुष्यभर घेतलं.” माना डोलल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मनोज खाली मान घालून रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मी माइककडे हात केला नाही. खाली बसले.

बाहेर पायऱ्यांवर दुर्गेश्वरी माझ्यासाठी थांबली होती. तिला मराठी येत नाही. माझं वाक्य तिनं अंदाजानं ओळखलं होतं, पण त्यानंतर ते बुजुर्ग काय बोलले, आणि सगळे का रडले, हे तिला कळलं नव्हतं. ‘पडतं घेणं’ला हिंदीत काय म्हणावं, मला सुचेना. शेवटी म्हटलं, “कह रहे थे, वो हमेशा झुक जाती थी.”

तिला ते पटलं नाही. माझा हात धरून पायरी उतरता उतरता ती म्हणाली, “झुकी कहाँ, आंटी? गिरी थीं.”

“हव,” मी कुसुमच्या बोलीत हो म्हटलं.